कोल्हा कुणाचा, चित्र कुणाचं

प्रश्न गुहागरकडच्या एका गावातून आलाय, अकरावीतल्या मुलीचा. ती मोबाइलवर साध्या स्टायलसने प्राण्यांची पात्रं रंगवते. तीन चित्रं तयार आहेत: एका परदेशी ॲनिमेशनपटातला कोल्हा, ‘जंगल बुक’मधला बालू अस्वल, आणि ऑनलाइन चित्रसमूहातल्याच दुसऱ्या एका मुलीने स्वतः रचलेली लांडगी. ही चित्रं तिला त्या समूहात टाकायची आहेत. दादा म्हणतो ही चोरी. मैत्रीण म्हणते, खाली नाव लिहिलं की झालं. जत्रेत त्यांचे स्टिकर विकता येतील का, आणि आपलं चित्र कुणी उचललं तर काय करायचं, हेही तिला जाणून घ्यायचंय.

मी सिंधुदुर्गात राहते. पुस्तकांसाठी प्राण्यांची चित्रं काढणं हा माझा व्यवसाय, आणि अशाच एका समूहात मॉडरेटर, म्हणजे देखरेख करणारी, म्हणून मी नव्या मुलांची चित्रं आणि त्यांवरून होणारी भांडणं दोन्ही जवळून बघत आलेय. म्हणून थोडं सविस्तर सांगते.

तुझ्या दादाचं पुरतं बरोबर नाही आणि मैत्रिणीचंही नाही. तिन्ही चित्रं तुझ्या हातची असली तरी त्यातल्या तीन प्राण्यांचे धनी वेगवेगळे आहेत, आणि सगळ्यांत जास्त जपायला हवं ते तिसऱ्या चित्राला. मुलं नेमकं उलटं करतात. कंपनीच्या धाकाने कोल्ह्याखाली चार ओळींचा खुलासा लिहितात आणि समूहातल्या मुलीची लांडगी न विचारता रंगवून टाकतात. कंपनीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्या मुलीला मात्र लागतो, त्याच दिवशी.

आधी कोल्ह्याचं बघू. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्र कागदावर किंवा पडद्यावर उतरलं की काढणाऱ्याचा हक्क सुरू होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. तो हक्क लेखक-चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत: खासगी वापर, अभ्यास, टीका-समीक्षा. वहीत तो कोल्हा तू पुन्हा पुन्हा काढलास, त्याच्या भुवया कशा उचलतात ते शिकलीस, तर तो तुझा अभ्यास आणि त्याला कुणाची हरकत नाही. तोच जगासमोर टाकलास की तो वापर खासगी राहत नाही आणि सवलतीत सरळ बसतही नाही. व्यवहारात बहुतेक स्टुडिओ पैसे न घेता केलेल्या फॅन आर्टकडे, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या आवडत्या पात्राच्या चित्रांकडे, काणाडोळा करतात, काही जण तर उघड कौतुकही करतात, कारण पात्रावर जीव लावणारी माणसं त्यांनाही हवी असतात. पण ही त्यांची मर्जी झाली. उद्या कुणी ‘काढून टाका’ म्हणून कळवलं तर वाद न घालता काढायचं. एवढी तयारी ठेव आणि कोल्हा खुशाल टाक.

बालूचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण बालू दोन आहेत. किपलिंग यांचं पुस्तक १८९४ चं, आणि ते १९३६ मध्ये वारले. त्यांच्या शब्दांतला बालू आज सगळ्यांचा आहे. डिझ्नीच्या १९६७ च्या चित्रपटातला निळसर राखाडी, ढेरपोट्या, नाचणारा बालू मात्र स्टुडिओतल्या चित्रकारांनी घडवला. त्याचा चेहरा, त्याची अंगकाठी अजून हक्कात आहे. विनी द पू या गोष्टीतल्या अस्वलाचंही असंच आहे. मजकूर लिहिणारे मिल्न १९५६ मध्ये गेले, त्याची चित्रं काढणारे शेपर्ड १९७६ मध्ये. आपल्या कायद्याच्या हिशोबाने मिल्न यांचा मजकूर मोकळा झालाय, पण शेपर्ड यांची रेखाटनं २०३६ संपेपर्यंत हक्कात आहेत. त्यामुळे अमुक पात्र आता मोकळं झालंय असं कुणी सांगितलं, तर शब्द मोकळे झालेत की चित्रसुद्धा, हे विचारायचं.

तुझ्या जागी मी असते तर बालू नव्याने काढला असता. किपलिंग त्याला झोपाळू तपकिरी अस्वल म्हणतात आणि तो मुळं, कठीण कवचाची फळं आणि मध खातो एवढं सांगतात. गोष्ट घडते मध्य भारतात, सिवनीच्या डोंगरांत. तिथलं अस्वल म्हणजे आपलं भारतीय अस्वल: अंगभर झिपरे काळे केस, छातीवर पांढुरका उलट्या डोंगरासारखा पट्टा, लांब फिकं मुस्कट, सैल लोंबते ओठ आणि वारूळ उकरायला झालेली लांब वाकडी नखं. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून काढलेला बालू कुणाच्याही पडद्यावरच्या बालूसारखा दिसणार नाही आणि तरी वाचणाऱ्याला ओळखू येईल. हे काम अवघड आहे. पण ते जमलं की चित्र सर्वार्थाने तुझं होतं, आणि ते विकायचं ठरवलंस तरी कुणाला विचारावं लागत नाही.

आता लांडगी. हे मात्र नीट वाच.

समूहातली मुलं आपापली पात्रं रचतात. त्यांना ती ‘ओसी’ म्हणतात, म्हणजे ओरिजिनल कॅरेक्टर. प्राणी-पात्रांच्या चाहत्यांमध्ये कित्येकांचं असं पात्र हे त्यांचं दुसरं रूपच असतं. त्या नावाने ती वावरतात, बोलतात, वाढदिवससुद्धा त्या पात्राचा साजरा करतात. अशा पात्रामागे कंपनी नसते, वकील नसतो, पुष्कळदा दहावी-बारावीतलं एकटं पोर असतं. कुणी ते न विचारता उचललं की त्याला आपल्या घरात कुणी शिरल्यासारखं वाटतं. कायद्याने त्या मुलीचा तिच्या रेखाटनावर हक्क आहेच, शिवाय कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीशी नाव जोडलेलं असण्याचा आणि तिचं विद्रूपीकरण थांबवण्याचा हक्कही आहे. पण समूहात कायद्याच्या आधी शिस्त येते, आणि ती साधी आहे: विचारायचं.

विचारायच्या आधी तिचं पान नीट बघायचं. फॅन आर्ट चालेल, आधी विचारा, फक्त ओळखीच्यांनी काढावं, असं बहुतेक जण तिथे लिहून ठेवतात. चालेल असं लिहिलेलं असेल तर चित्र टाकताना तिला टॅग करायचं. काहीच लिहिलेलं नसेल तर नाही असं धरून चालायचं आणि मेसेज करायचा. मेसेजमध्ये लांबण लावू नकोस. ‘तुझी लांडगी मला फार आवडली, मी तिचं एक चित्र काढलंय, सोबत जोडलंय, तुला चालणार असेल तरच टाकेन’ एवढं पुरे. चित्र आधी तिला एकटीला दाखव. ती नको म्हणाली तर कारण मागू नकोस. तिच्यासाठी ती लांडगी गेलेल्या कुत्र्याची आठवण असेल किंवा आणखी काही; ते तुला कळायलाच हवं असं नाही.

ती हो म्हणाली तर पुढची जबाबदारी म्हणजे पात्र जसं आहे तसं काढणं. प्राणी-पात्रांची ओळख चेहऱ्याइतकीच अंगावरच्या खुणांमध्ये असते. कुठल्या पायाला पांढरा मोजा, कुठल्या कानाला खाच, शेपटीवर वळी किती. म्हणून तर रेफरन्स शीट करतात: समोरून, मागून, बाजूने उभं पात्र, शेजारी रंगांचे चौकोन. ते शीट चित्र संपेपर्यंत पडद्यावर उघडं ठेव. मॉडरेटर म्हणून मला वारंवार दिसणारी चूक अशी: चित्र तपासायला आपण कॅनव्हास उलटा करतो, डावं उजवं होतं, आणि त्याच अवस्थेत खाच काढली जाते. कॅनव्हास सरळ केला की खाच भलत्याच कानावर. पाहुण्यांना ते कळत नाही, पण जिचं पात्र आहे तिला पहिल्या नजरेत कळतं.

शीटवरचे रंगही जसेच्या तसे उचलून भरू नकोस. ते सपाट प्रकाशातले असतात. त्यांना मूळ रंग धर आणि तुझ्या चित्रातल्या उजेडाप्रमाणे बदल, फक्त दोन खुणांमधला फरक पुसू देऊ नकोस. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात तिचा राखाडी पट्टा आणि पांढरं पोट एक झालं तर लांडगी वेगळीच दिसेल.

आणि पात्राचं काहीही करायची मुभा मिळाली असं समजू नकोस. जखमी दाखवणं, मेलेली दाखवणं, दुसऱ्या कुणाच्या पात्राशी जोडी लावणं, हे सगळं वेगळं विचारून करायचं. काही पात्रं विकत घेतलेली असतात, त्यांना ‘ॲडॉप्ट’ म्हणतात. अशा वेळी पात्र रचणारी एक आणि सध्याची मालकीण दुसरी, आणि श्रेय दोघींना द्यायचं. काही जण एखादी काल्पनिक प्राणिजातच रचतात आणि तिचे नियम ठरवतात: शिंगं किती असू शकतात, पंख कुणाला. कायद्याच्या पुस्तकात अशा नियमांना मोठं बळ आहे असं मी म्हणणार नाही. पण आपण त्यांच्या अंगणात चाललोय, तर त्यांची रीत पाळावी हे माझं स्पष्ट मत आहे.

मैत्रिणीने सांगितलेली गोष्ट, म्हणजे श्रेय. श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, पण श्रेयाची स्वतःची किंमत आहे. बघणाऱ्याला कुठला भाग कुणाचा ते कळतं. आपल्याकडे चित्राखाली ‘साभार: इंटरनेट’ किंवा ‘सौजन्य: गूगल’ लिहायची सवय आहे. तिचा काडीचाही उपयोग नाही, कारण गूगलने चित्र काढलेलं नसतं. तू असं लिही: ‘फॅन आर्ट. पात्र अमुक चित्रपटातलं, अमुक स्टुडिओचं. रेखाटन आणि रंग माझे. बसण्याची ढब अमुक छायाचित्रकाराच्या फोटोवरून, त्यांच्या परवान्यानुसार.’ तीन-चार छोटी वाक्यं. यात काहीही लपत नाही, म्हणून पुढे कुणी बोट दाखवलं तरी तुला सारवासारव करावी लागत नाही.

फोटोचं विसरू नकोस. प्राण्यांची चित्रं काढणारे जवळपास सगळे फोटो बघून काढतात, मीही. पण फोटोही कुणाचा तरी असतो. गूगलच्या शोधात आलेला फोटो मोकळा असतो हा समज सोडून दे. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या संग्रहात प्रत्येक फोटोखाली परवाना लिहिलेला असतो. सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) शून्य असेल तर कसंही वापर. सीसी बाय असेल तर नाव दे. इतर ठिकाणी मागे एनसी जोडलेलं असेल तर विक्रीच्या चित्राला वापरता येत नाही. एनडी असेल तर त्यात बदल करून ते प्रसिद्ध करता येत नाही. आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर कोकणातल्या प्राणी-पक्ष्यांच्या नोंदी मिळतात, तिथेही प्रत्येक फोटोखालचा परवाना वाचून घ्यायचा. एकच फोटो गिरवण्यापेक्षा चार-पाच फोटो बघून प्राणी समजून घेणं आणि मग फोटो बंद करून काढणं, हे मला जास्त पटतं. दुसऱ्याच्या चित्रावर रेघ ओढून काढणं, म्हणजे ट्रेसिंग, घरच्या सरावाला ठीक आहे. समूहात टाकायला नाही, मग खाली कितीही नावं लिही. कुणी ‘बेस’ म्हणून कोरं रेखाटन वापरायला दिलं असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही लिहायचं.

आता चित्राबद्दल बोलू. फॅन आर्टमध्ये पात्र दुसऱ्याचं असतं, मग त्यात तुझं काय, हा प्रश्न कायद्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो. याला माझं उत्तर असं की प्राणी तुझा असला पाहिजे. म्हणजे तो प्राणी तू स्वतः पाहिलेला, निरखलेला असावा.

पडद्यावरचा कोल्हा बहुतेक वेळा थंड मुलखातला तांबडा कोल्हा असतो: शेपूट फुगीर आणि तिचं टोक पांढरं, पायांवर काळे मोजे. तुमच्या कातळाच्या सड्यावर तिन्हीसांजेला कोल्हेकुई ऐकू येते तो प्राणी वेगळा. तो सोनेरी कोल्हा. पाय उंच, शेपूट तोकडी आणि टोकाकडे काळपट, पाठीवर काळे-करडे केस मिसळलेले. खोकड त्याहून लहान, चणीने नाजूक, कान मोठे, आणि त्याच्याही शेपटीचं टोक काळंच. चित्रपटातल्या पात्राची फॅन आर्ट करतेस तेव्हा टोक पांढरंच ठेव, ते त्याचं आहे. पण चालण्याची लय, थबकून कान वळवणं, मान खाली घालून तिरकं बघणं हे तू सड्यावर पाहिलेल्या कोल्ह्याकडून घे. नक्कल आणि चित्र यातला फरक तिथे पडतो.

मागचा पाय हा नव्या चित्रकारांचा नेहमीचा अडसर. कोल्हा, कुत्रा, मांजर बोटांवर चालतात. मागच्या पायात उलटा दुमडलेला गुडघा वाटतो तो खरं तर घोटा असतो. गुडघा वर, पोटालगत, केसांत लपलेला. अस्वल मात्र आपल्यासारखं पूर्ण तळवा टेकून चालतं. म्हणून अस्वलाला कपडे घालून दोन पायांवर उभं केलं तरी ते पटतं. कोल्ह्याला तसं उभं करताना तुला ठरवावं लागतं: पाय प्राण्याचे ठेवायचे की माणसाचे. दोन्ही चालतात. एक पाय असा आणि एक तसा मात्र चालत नाही. घरातलं मांजर उन्हात आडवं पसरलं की त्याच्या मागच्या पायावर हलकेच हात फिरवून हाड कुठे वळतं ते बघ. कुठल्याही व्हिडिओपेक्षा ते लवकर कळेल.

तुझ्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी शहरातल्या मुलांकडे नाही: जांभ्यावरचा उजेड. उन्हात तांबड्या जमिनीवरून वर उसळणारा प्रकाश प्राण्याच्या पांढऱ्या पोटाला, हनुवटीखाली, पायांच्या आतल्या बाजूला गुलाबी-विटकरी झाक देतो. मुलं सावली म्हणजे राखाडी किंवा जांभळा रंग भरतात. सड्यावर उभ्या असलेल्या बकरीचं पोट दुपारी नीट बघ. मग तीच झाक लांडगीच्या पोटाला दिलीस की ती आपल्या मातीवर उभी राहील. पावसाळ्यात सगळं उलटं होतं. कातळावर साचलेल्या पाण्यातून वर येणारा प्रकाश थंड असतो आणि भोवतीच्या गवताचा हिरवा त्यात मिसळतो.

फॅन आर्ट म्हणजे फक्त चित्रपटांतलीच पात्रं, असंही धरून बसू नकोस. आपल्याकडे नाव-गाव-स्वभावासकट तयार प्राणी-पात्रं आहेत आणि ती कुणाच्याही मालकीची नाहीत. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे घे. एक सावध, एक खटपट्या. पिंगलक सिंह बैलाच्या डुरकण्यानेच घाबरतो. चित्रग्रीव कबुतरांचा राजा, हिरण्यक उंदीर, लघुपतनक कावळा, मंथरक कासव. दमनकाला तू कसा काढशील? कानाची ठेवण कशी, हसताना कुठला दात दिसतो? याचं चित्र आजवर हजारांनी काढलंय आणि तरी तुझा दमनक कुणाची नक्कल होणार नाही.

कोकणात तर हे फार जुनं आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा, एक डाव १२० गोल पानांचा, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं. त्यात मत्स्य आहे, कूर्म आहे, वराह आहे. पिढ्यान्‌पिढ्या चितारी तेच अवतार काढत आले आणि जाणकाराला हात ओळखू येतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला. ती परंपरा जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथलं ठाकर आदिवासी कलांगण एकदा जाऊन बघ. बाजूने दिसणारा चेहरा, टपोरा डोळा, एका रेघेत पकडलेलं घोड्याचं उसळणं, हे पाहिलं की पात्र म्हणजे काय ते नव्याने कळतं. आणि तुझ्या रत्नागिरी जिल्ह्यातच कातळशिल्पं आहेत. उक्षीला हत्ती आहे. कशेळीच्या हत्तीच्या देहात इतर कितीतरी प्राणी कोरलेत. कुणी, कधी, का कोरले याची नावनिशी नाही, पण हत्ती अचूक आहे. त्यांच्यावर पाय न देता, खडूने रेघा न भरता, कडेला बसून रेखाटन कर.

एक भेद मात्र इथेही पाळायचा. अवतार, कथा, शैली या परंपरेच्या; पण आज हयात असलेल्या कारागिराने रंगवलेलं गंजिफाचं पान ही त्याची कृती आहे. ते जसंच्या तसं उतरवून टाकणं म्हणजे समूहातल्या मुलीची लांडगी न विचारता घेण्यासारखंच आहे. शैलीकडून शिक, आणि शिकलीस ते लिही.

आपल्या किनाऱ्यावरचे प्राणी घेऊन स्वतःची पात्रं रचशील तर फारच बरं. फक्त प्राणी बिनचूक काढ. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले समुद्री कासवं आहेत. त्यांना वल्ह्यासारखे पर असतात, बोटांचे पाय नसतात, आणि ती डोकं कवचात ओढून घेऊ शकत नाहीत. तुझं समुद्री कासव घाबरून कवचात लपलं तर तुझ्याच गावातली लहान मुलं चूक काढतील. खाडीतलं पाणमांजर काढलंस तर शेपूट टोकाकडे चपटी होते आणि बोटांमध्ये पडदे असतात हे लक्षात ठेव.

टाकण्याची तांत्रिक बाजू पटकन सांगते. मूळ फाइल मोठी आणि लेयरसकट, म्हणजे चित्राचे थर वेगळे राहतील अशी, स्वतःकडे ठेव. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, लागतात. समूहात टाकायची प्रत वेगळी कर, लांब बाजू दीड-दोन हजार पिक्सेल, रंग एसआरजीबी या पडद्यासाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत. सपाट रंगांचं चित्र पीएनजीमध्ये, खूप छटा असलेलं जेपेगमध्ये. पावसाळ्यात रेंज गेली की मोठी फाइल अर्ध्यावर अडकते, तेव्हा हलकी प्रत कामाला येते. सही कोपऱ्यात करू नकोस, तो कापून टाकायला एक क्षण लागतो. सही प्राण्याच्या सावलीत किंवा पाठीच्या रेघेलगत कर, दिसेल पण खुपणार नाही अशी. चित्राच्या मधोमध मोठा वॉटरमार्क मला आवडत नाही. तो चोराआधी बघणाऱ्यालाच अडवतो. कागदावर काढून फोनने फोटो घेतला असेल तर फोटोतली ठिकाणाची नोंद बंद कर. तुझं वय पाहता शाळा-कॉलेजचं नाव, गावाचं नाव, गणवेशातला फोटो यातलं काही तुझ्या पानावर नको. आणि दृष्टी नसलेल्यांसाठी चित्राचं वर्णन लिहायची जागा असते, ती रिकामी सोडू नकोस: ‘कातळावर बसलेली राखाडी लांडगी, उजव्या कानाला खाच, मागे समुद्र.’

टॅग खरे लाव. पात्राचं नाव, फॅन आर्ट, प्राण्याचं नाव, आणि मराठीतही एखादा, म्हणजे आपली माणसं शोधत आली तर सापडशील. प्रौढांसाठीच्या मजकुराची गाळणी चालू ठेव. एखादा अनोळखी मोठा माणूस वारंवार खासगीत बोलावू लागला, चित्रांची भलती मागणी करू लागला, तर उत्तर न देता ब्लॉक कर, मॉडरेटरला कळव आणि घरी सांग. यात संकोच नको.

संगणकाला सूचना देऊन तयार झालेलं चित्र ‘मी काढलं’ म्हणून टाकू नकोस. यावरून समूहांमध्ये फार कटुता झालीय. प्राणी-पात्रांच्या चित्रांचं संकेतस्थळ फर ॲफिनिटीने २०२२ मध्ये अशा चित्रांना बंदी केली, आणि त्याच वर्षी डेव्हियंटआर्ट या चित्रांच्या संकेतस्थळाने स्वतःचं तसं साधन आणलं तेव्हा तिथले चित्रकार संतापले. लोकांची वर्षानुवर्षांची चित्रं न विचारता त्या यंत्रांना शिकवायला वापरली गेली, हे त्यामागचं दुखणं, आणि ते मला रास्त वाटतं.

चित्र उचललं गेलं तर? आधी पुरावा: त्या पानाचा स्क्रीनशॉट, तारीख, लिंक. मग उचलणाऱ्याला एक सभ्य मेसेज; बऱ्याचदा समोर तुझ्याच वयाचं मूल असतं आणि ते नाव तरी लिहितं किंवा काढून तरी टाकतं. नाही ऐकलं तर त्या संकेतस्थळाच्या तक्रारीच्या अर्जातून कळव. अमेरिकेतल्या कंपन्या तिथल्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यानुसार अशा तक्रारींवर कारवाई करतात. तेव्हा तुझ्याकडे लेयरची फाइल आणि चित्र घडतानाची नोंद असली की प्रश्न मिटतो. इबिस पेंट हा चित्रकलेचा ॲप ही नोंद व्हिडिओच्या रूपात ठेवतो, ती बंद करू नकोस. चाहत्यांची फौज घेऊन त्या मुलावर तुटून पडणं मात्र कधीही करू नकोस. चित्रापायी एखादं पोर समूह सोडून, चित्रकलाच सोडून गेलेलं मी पाहिलंय, आणि त्याची भरपाई होत नाही.

राहिले स्टिकर. चित्रपटातल्या कोल्ह्याचे नको. पैसे आले की कंपनीचा काणाडोळा संपतो, आणि कॉपीराइटच्या जोडीला ट्रेडमार्कही आडवा येतो. जत्रेत सगळेच विकतात हे कारण कुणी ऐकून घेणार नाही. लांडगीचे स्टिकर त्या मुलीने लेखी हो म्हटलं तरच, आणि मिळकतीत तिचा वाटा किती ते आधी ठरवून. दमनकाचे, तू रचलेल्या कासवाचे, पुस्तकातल्या वर्णनावरून नव्याने काढलेल्या बालूचे खुशाल कर. छपाईच्या शाईत झगझगीत हिरवे-निळे मळकट होतात, म्हणून आधी एकच पान छापून बघ. ऑनलाइन मागणीवर चित्र काढून द्यायचं झालं, म्हणजे कमिशन, तर तू अठराची होईपर्यंत व्यवहार आई-बाबांच्या नावाने होऊ दे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीचा करार कायद्यात टिकत नाही.

समूहात गेल्यावर पहिल्याच दिवशी तिन्ही चित्रं ओतू नकोस. आधी काही दिवस इतरांची चित्रं बघ आणि त्यांवर नेमकं लिही. ‘भारीच’ एवढं लिहून कुणाच्या हाती काही लागत नाही. ‘पंजावरचा उजेड आवडला, त्याने वजन कळतं’ असं लिहिलंस तर ती व्यक्ती तुझं चित्रही तितक्याच लक्षाने बघेल. दोष दाखवायचा असेल तर हवाय का ते आधी विचार. मग कोल्हा टाक, श्रेयाच्या त्या वाक्यांसह. लांडगीसाठी आज मेसेज कर आणि उत्तर येईपर्यंत ते चित्र फोनमध्येच राहू दे, महिना लागला तरी. बालू मला आधी दाखव. मुस्कट लांब केलंस की नाही ते मला बघायचंय.